शेवटची नोंद कधी पोचते? डेटाबेस रेप्लिकेशन आणि बँडविड्थच्या हिशेबाचा आढावा

ऐरोलीहून ठाणे-बेलापूर रस्त्याने निघालं की रबाळे, घणसोली, महापे, तुर्भे अशी एमआयडीसी संपता संपत नाही. एकेकाळी या पट्ट्याची ओळख रसायनांच्या कारखान्यांची होती. आज तिथल्या बऱ्याच भूखंडांवर खिडक्या नसलेल्या, उंच कुंपणाच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्या आवारात डिझेल जनरेटरची रांग असते आणि गच्चीवर कूलिंगची यंत्रं असतात. ही डेटा सेंटर्स. पुढे बेलापूरला स्टेट बँकेचं ग्लोबल आयटी सेंटर आहे. पनवेलजवळ जुलै २०२०मध्ये योट्टाचं ७,२०० रॅकचं केंद्र सुरू झालं. मुंबईचा पैसा दक्षिण मुंबईत आणि बीकेसीत फिरतो असं आपण म्हणतो, पण त्या पैशाच्या नोंदींचा मोठा भाग खाडीच्या या बाजूला राहतो.

आणि नोंद एकाच ठिकाणी ठेवून चालत नाही. तिची जिवंत नक्कल दुसऱ्या शहरात हवी, जमल्यास तिसरी अगदी जवळही हवी. म्हणून या इमारतींमध्ये एक प्रश्न वारंवार टेबलावर येतो: हैदराबादच्या किंवा चेन्नईच्या केंद्रातली नक्कल चालू ठेवायला किती एमबीपीएसची लिंक घ्यायची? खरेदीच्या फाइलमध्ये हा एका ओळीचा रकाना असतो. तिथे बहुतेक वेळा जो आकडा पडतो तो मागच्या कंत्राटातला असतो, किंवा 'डेटाबेस इतक्या टीबीचा, म्हणून लिंक इतकी' अशा अंदाजाने काढलेला असतो. माझ्या मते हा रकाना भरण्याआधी दुसरा एक भरला पाहिजे: किती मिनिटांच्या नोंदी गमावायला आपण तयार आहोत? ही मिनिटं ठरल्याशिवाय एमबीपीएसचा हिशेब सुरूच होत नाही. ती मिनिटं ठरवणं नेटवर्कवाल्यांचं काम नाही, ते संस्थेच्या वरच्या माणसांचं आहे.

आकाराचा मुद्दा आधी निकालात काढू. रेप्लिकेशनमध्ये डेटाबेस प्रवास करत नाही, त्याच्यातला बदल प्रवास करतो. कुठलाही डेटाबेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये ओळीने लिहून ठेवतो. ओरॅकलवाले त्याला रीडू म्हणतात, पोस्टग्रेसवाले वाल म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये तो बिनलॉग असतो. हा लॉग तारेवरून पलीकडे जातो आणि तिथे त्याच क्रमाने पुन्हा चालवला जातो. दहा टीबीच्या डेटाबेसमध्ये जुनी स्टेटमेंट्स नुसती पडून असतील तर त्याला लागणारी लिंक किरकोळ. उलट तीनशे जीबीच्या वॉलेटच्या डेटाबेसमध्ये रात्रंदिवस नोंदी पडत असतील तर तो भलीमोठी लिंक खाईल. यूपीआयने हे फार ठळक केलं. एप्रिल २०२१मध्ये महिन्याला २६४ कोटी व्यवहार होत होते, ऑगस्ट २०२५मध्ये ते २,००० कोटींच्या पुढे गेले. व्यवहार दहा रुपयांच्या चहाचा असो की लाखाच्या फीचा, लॉगमध्ये तो साधारण तेवढीच जागा घेतो. बँकेच्या ठेवी दुप्पट व्हायला वर्षं लागतात, लॉग त्याच्या कितीतरी आधी दुप्पट होतो. चार वर्षांपूर्वी केलेला हिशेब आज जसाच्या तसा चालत नाही तो यामुळे.

लॉग मोजणं अवघड नाही. ओरॅकलमध्ये तासातासाला किती आर्काइव्ह लॉग तयार झाला ते एका क्वेरीत मिळतं. पोस्टग्रेसमध्ये लॉग कुठवर लिहिला गेला तो क्रमांक दोनदा वाचून वजाबाकी केली की झालं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सेकंदाला किती बाइट लॉग डिस्कवर गेला त्याचा काउंटर तयारच आहे. त्यापुढचं गणितही लहान आहे. ओरॅकलच्या जगात रूढ असलेला नियम असा: सेकंदाला तयार होणारे रीडूचे बाइट ०.७ने भागा, आठने गुणा, दहा लाखांनी भागा, म्हणजे एमबीपीएस मिळतात. आठने गुणणं बाइटचे बिट करण्यासाठी, आणि ०.७ने भागणं टीसीपी-आयपीच्या वेष्टनासाठी व वाटेतल्या इतर नुकसानीसाठी धरलेले तीस टक्के. हा आकडा सावध आहे, आणि सावध असणंच बरं.

मात्र मोजलेला लॉग कशामुळे फुगतो हे समजून घ्यायला हवं, नाहीतर चुकीच्या गोष्टीसाठी मोठी लिंक विकत घेतली जाते. पोस्टग्रेसचं उदाहरण जवळून पाहू. चेकपॉइंट झाल्यानंतर एखाद्या पानावर पहिला बदल झाला की पोस्टग्रेस सुरक्षिततेसाठी ते आठ केबीचं अख्खं पान वालमध्ये लिहितो. बदल खात्यातल्या शिलकीच्या काही बाइटचा, पण लॉगमध्ये आठ केबी. दर पाच मिनिटांनी चेकपॉइंट, ही मूळ सेटिंग. गजबजलेल्या डेटाबेसवर ती तशीच ठेवली तर दर पाच मिनिटांनी हे सगळं नव्याने सुरू होतं. चेकपॉइंटमधलं अंतर अर्ध्या तासापर्यंत वाढवलं आणि वालचं कॉम्प्रेशन चालू केलं, तर एक पैसाही जास्त न मोजता लॉग लक्षणीय उतरू शकतो. त्याची किंमत एवढीच की सर्व्हर पडला तर उठायला थोडा जास्त वेळ घेतो. मायएसक्यूएलची गोष्ट वेगळी आहे. ५.७च्या काळापासून तिथे बिनलॉग ओळ-प्रकाराचा असतो, म्हणजे 'सगळ्या खात्यांवर व्याज लावा' ही एका ओळीची आज्ञा लॉगमध्ये पन्नास लाख ओळी होऊन उतरते, आणि प्रत्येक ओळीचं आधीचं रूपही सोबत असतं आणि नंतरचंही. बदललेले रकाने तेवढेच लिहायची सोय आहे, पण ती कुणीतरी मुद्दाम चालू करावी लागते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लॉग मोजला, पण कुठला आकडा घ्यायचा? सरासरी घेतली तर काय होतं ते एका काल्पनिक बँकेवर पाहू. दिवसभर तिचा लॉग सेकंदाला २ एमबी तयार होतो. रात्री अकरा ते एक दिवसअखेरची इओडी बॅच चालते, तेव्हा तो सेकंदाला १२ एमबी होतो. चोवीस तासांची सरासरी निघते सेकंदाला २.८३ एमबी, म्हणजे वरच्या नियमाने ३२ एमबीपीएस. बँक ५० एमबीपीएसची लिंक घेते. फाइलवर शेरा पडतो की गरजेपेक्षा दीडपट क्षमता आहे.

आता रात्रीचं पाहा. ५० एमबीपीएसमधून तीस टक्के गेले की लॉगसाठी सेकंदाला ४.३७ एमबी उरतात. दोन तासांच्या बॅचमध्ये ८६.४ जीबी लॉग तयार होतो, त्यातला ३१.५ जीबी पलीकडे जातो आणि जवळपास ५५ जीबी अलीकडे साचतो. रात्री एकला बॅच संपली म्हणजे सगळं सुरळीत झालं असं वाटतं, पण मागे पडणं तिथे थांबत नाही. एक वाजताची शेवटची नोंद त्या ५५ जीबीच्या मागे रांगेत उभी आहे. तिचा नंबर लागायला साडेतीन तास लागतात. पहाटे साडेचारला नवी मुंबईतलं केंद्र बंद पडलं तर हैदराबादच्या नकलेत रात्री एकनंतरचं काहीही नसेल. ही सगळी रांग संपून दोन्ही केंद्रं बरोबरीला येतात सकाळी सात वाजून पंचवीस मिनिटांनी. दहाला शाखा उघडतात, अधिकारी स्क्रीन पाहतात, नक्कल किती मागे आहे ते सांगणारा लॅग शून्य दिसतो. महिनोन्महिने रोज शून्यच दिसतो, आणि रोज पहाटे ही बँक साडेतीन तास उघडी असते.

हे गणित नवी मुंबईकरांना समजायला सोपं जावं, कारण शहर वसवताना सिडकोने तेच केलेलं आहे. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून झडपा बंद होतात, तेवढा वेळ पडणारा पाऊस होल्डिंग पाँडमध्ये साठतो, ओहोटी लागली की बाहेर जातो. त्या तळ्याचं आकारमान वर्षाच्या पावसावरून काढता येत नाही. झडप बंद असलेल्या तासांत किती कोसळू शकतं यावरूनच ते काढावं लागतं.

मग ५० नाही तर किती? गमावायची मिनिटं ठरली असतील तर उत्तर सरळ निघतं. या मिनिटांना या क्षेत्रात आरपीओ म्हणतात. गर्दीच्या काळातला लॉगचा वेग घ्या, त्याला गर्दी जितकी मिनिटं टिकते त्या मिनिटांनी गुणा, आणि गर्दीची मिनिटं अधिक आरपीओची मिनिटं यांच्या बेरजेने भागा. आपल्या बँकेला पंधरा मिनिटांचा आरपीओ हवा असेल तर १२ गुणिले १२० भागिले १३५, म्हणजे सेकंदाला १०.६७ एमबी. लिंक होते १२२ एमबीपीएसची. पूर्ण गर्दी जशीच्या तशी पेलायची असती तर १३७ लागले असते. म्हणजे पंधरा मिनिटांची सवलत घेऊनही फक्त पंधरा एमबीपीएस वाचले. कारण गर्दी दोन तासांची आहे, आणि एवढ्या लांब गर्दीपुढे पंधरा मिनिटं काहीच नाहीत. हीच गर्दी वीस मिनिटांत आटपत असती तर ७८ एमबीपीएस पुरले असते.

मला या सूत्रातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की गर्दीची लांबी त्यात उघड दिसते. लिंकवरचा खर्च कमी करण्याचे उपाय त्यामुळे नेटवर्कच्या बाहेरही सापडतात. इओडीचे टप्पे पसरता येतात का, व्याजाची आकारणी आणि अहवालांचे तक्ते एकाच तासात चालतात ते वेगळे करता येतात का, जे तक्ते रोज पाडून पुन्हा बांधले जातात ते नकलेत मुळात हवेत का? हे प्रश्न ॲप्लिकेशन टीमचे आहेत. लिंकच्या खरेदीच्या बैठकीला त्यांना सहसा बोलावलं जात नाही.

आणि मोजायचं कधी? महिन्याच्या मधल्या एखाद्या मंगळवारी तर नक्कीच नाही. बचत खात्यावरचं व्याज १ एप्रिल २०१०पासून रोजच्या शिलकीवर मोजलं जातं आणि बहुतेक बँका ते तिमाहीला जमा करतात. म्हणून ३० जून, ३० सप्टेंबर, ३१ डिसेंबर आणि ३१ मार्च या चार रात्री मोजल्या पाहिजेत. पाच मिनिटांच्या अंतराने मोजल्या पाहिजेत, तासाच्या सरासरीत टोकं बुजतात.

इथवर बोललो ते दूरच्या, म्हणजे असिंक्रोनस नकलेबद्दल. मूळ केंद्र तिथे आपलं काम उरकतं आणि नक्कल मागून येते. जवळच्या केंद्राबरोबर सिंक्रोनस रेप्लिकेशन असतं. तिथे 'नोंद झाली' असं ग्राहकाला सांगण्याआधी पलीकडच्या केंद्राची पोच यावी लागते. एकही नोंद न गमावण्याची हमी फक्त यातच आहे, आणि त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटरला जाऊन-येऊन एक मिलिसेकंद. महापे ते बीकेसी तारेची वाट चाळीस किलोमीटरची धरली तर ०.४ मिलिसेकंद. मुंबई-हैदराबाद रस्ता सुमारे ७०० किलोमीटरचा, तार त्याच वाटेने गेली तरी ७ मिलिसेकंद, आणि वाटेतल्या उपकरणांचा वेळ वेगळा. एकामागून एक दहा लाख कमिट करणारी बॅच असेल तर जवळच्या केंद्रासाठी तिला सात मिनिटं जास्त लागतील, हैदराबादसाठी जवळपास दोन तास. इथे एमबीपीएस दहापट केले तरी दोन तासांतलं एक मिनिटही कमी होत नाही. तरीही 'सिंक्रोनस केलं की डेटाबेस मंदावतो, लिंक वाढवा' अशी टिपणं लिहिली जातात आणि मंजूरही होतात.

ऐरोली-महापे पट्टा वाढण्यामागे जमीन, वीज आणि एमआयडीसी ही कारणं आहेतच. पण मुंबईपासून दीड-दोन मिलिसेकंदांच्या आत असणं हेही त्याचं बळ आहे. जवळचं केंद्र म्हणून ही जागा नेमकी बसते. दूरच्या केंद्राची गरज मात्र त्याने सुटत नाही, कारण जवळ असणं म्हणजे एकाच संकटात सापडणंही आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्या बंद पडून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकाच सकाळी गेली. २६ जुलै २००५च्या पावसानेही खाडीच्या दोन्ही बाजू बुडवल्या. म्हणून दूरच्या केंद्रासाठी लांबचं आणि भूकंपाचा पट्टाही वेगळा असलेलं शहर निवडतात. २०१६च्या भारतीय मानकाच्या नकाशात मुंबई तिसऱ्या पट्ट्यात आहे, हैदराबाद आणि बंगळुरू दुसऱ्या.

नियामकांनी ही रचना आता कागदावर आणली आहे. शेअर बाजार, क्लिअरिंग कॉर्पोरेशन आणि डिपॉझिटरी यांच्यासाठी सेबीच्या मार्च २०२१च्या परिपत्रकात आरपीओ पंधरा मिनिटांचा आहे. बिघाड झाल्यापासून तीस मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर पंचेचाळीस मिनिटांत दूरच्या केंद्रातून काम सुरू करायचं, असंही त्यात आहे. मुख्य आणि जवळच्या केंद्रांत रेप्लिकेशन सिंक्रोनस हवं, दूरच्या केंद्राशी असिंक्रोनस चालेल, आणि बँडविड्थ या मुदतींच्या हिशेबाने असावी, हेही सेबीने सांगितलं आहे. रिझर्व्ह बँकेचे नोव्हेंबर २०२३चे निर्देश १ एप्रिल २०२४पासून लागू झाले. त्यांत महत्त्वाच्या प्रणालींसाठी शून्याजवळचा आरपीओ आणि दर सहा महिन्यांनी किमान एक डीआर ड्रिल, म्हणजे दूरच्या केंद्रातून काम चालवून पाहण्याचा सराव, अपेक्षित आहे. शून्याजवळ म्हणजे किती, हे प्रत्येक संस्थेने स्वतः ठरवायचं आहे. वरचं सूत्र पाहता हा 'किती' शून्य आहे की पाच मिनिटं, यात फक्त एमबीपीएसचा फरक पडत नाही. शून्य म्हटलं तर हैदराबाद बाद होतं आणि जवळचं केंद्र उभारावं लागतं. छोट्या संस्थेला पूर्ण जवळचं केंद्र परवडत नसेल तर मधला मार्ग आहे. जवळ फक्त लॉग झेलणारा एक लहान सर्व्हर ठेवायचा, त्याला सिंक्रोनस पाठवायचं, आणि तो पुढे हैदराबादला असिंक्रोनस पाठवेल. ओरॅकलने २०१३मध्ये फार सिंक या नावाने हीच सोय दिली.

या सगळ्या चर्चेत २४ फेब्रुवारी २०२१चा दिवस वगळता येत नाही. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी ११:४०ला थांबले, पुन्हा सुरू झाले ते दुपारी ३:४५ला, आणि बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. एक्स्चेंजने नंतर दिलेलं स्पष्टीकरण मी रेप्लिकेशनचा धडा म्हणून वाचतो. मुख्य आणि जवळच्या केंद्रांमध्ये दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या लिंक होत्या. रस्त्यावरच्या खोदकामामुळे आणि बांधकामामुळे दोन्हींत बिघाड झाला. लिंक तुटली तरी मुख्य केंद्राने एकट्याने काम चालू ठेवावं अशी रचना होती. प्रत्यक्षात स्टोरेजची यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही, आणि क्लिअरिंगची जोखीम व्यवस्थापन यंत्रणा बंद पडली. ती बंद म्हटल्यावर व्यवहार चालू ठेवणं शक्यच नव्हतं. इथे एमबीपीएस कमी पडले नव्हते. नक्कल शाबूत राहावी म्हणून टाकलेली तारच तुटली आणि तिने मूळ यंत्रणेला खाली ओढलं.

यातून दोन प्रश्न निघतात आणि बँडविड्थच्या प्रत्येक हिशेबात ते असायला हवेत. पहिला, सिंक्रोनस लिंक तुटल्यावर मूळ डेटाबेसने काय करायचं? ओरॅकलच्या मॅक्झिमम प्रोटेक्शनमध्ये तो थांबतो, मॅक्झिमम अव्हेलेबिलिटीमध्ये थोडी वाट पाहून एकटा पुढे जातो. पोस्टग्रेस मुळात वाट पाहत राहतो, कमिट अडकून पडतात आणि ॲप्लिकेशनवाल्यांना डेटाबेस गोठल्यासारखा दिसतो. एसक्यूएल सर्व्हरच्या अव्हेलेबिलिटी ग्रुपमध्ये जोडीदार गायब झाला तर मूळ सर्व्हर त्याच्याविना चालत राहतो. यातलं बरोबर काय ते धंदा ठरवतो. पण ते आधी ठरलेलं असावं, आणि तार खरोखर उपसून पाहिलेलं असावं.

दुसरा प्रश्न वाटेचा. दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा नव्हेत. नवी मुंबईहून मुंबईत जायला खाडी ओलांडावी लागते आणि ओलांडायच्या जागा मोजक्या आहेत: वाशीचा पूल, ऐरोलीचा पूल, ठाणे-कळव्याकडून वळसा, आणि जानेवारी २०२४पासून दक्षिणेला अटल सेतू. दोन्ही कंपन्यांची तार एकाच पुलावरून किंवा एकाच चरातून जात असेल तर दुसऱ्या लिंकचे पैसे पाण्यात गेले. ठेकेदाराकडून वाटेचा नकाशा मागून घ्यावा, शक्य झाल्यास तो रस्त्यावर चालून पडताळावा, आणि वाट बदलली तर कळवण्याचं कलम करारात घालावं. इथल्या ऑप्स टीमला जेसीबीचं नाव पुरेसं ओळखीचं आहे. रस्ता खोदणाऱ्याच्या हातात जाण्याआधी तो नकाशा आपल्या हातात असलेला बरा.

लिंक तुटून जोडली गेली की तिची खरी परीक्षा सुरू होते. आपल्या बँकेची ५० एमबीपीएसची लिंक दिवसा चार तास बंद राहिली तर २८.८ जीबी साचतात. नवा लॉग येतच असतो, त्यामुळे जुना फेडायला सेकंदाला फक्त २.३७ एमबी उरतात. बरोबरीला यायला तीन तास वीस मिनिटं. मधेच अकराची बॅच सुरू झाली तर सकाळपर्यंत सुटका नाही. १२२ एमबीपीएसवर हीच फेड पंचावन्न मिनिटांत होते. म्हणून मी म्हणेन की लिंकची क्षमता दोनदा काढावी, एकदा गर्दी आणि आरपीओवरून, एकदा 'चार तासांचा कट एका तासात फिटला पाहिजे' अशा अटीवरून, आणि त्यातला मोठा आकडा घ्यावा. तेवढा वेळ लॉग ठेवायला मूळ सर्व्हरवर डिस्कही हवी. पोस्टग्रेसमध्ये रेप्लिकेशन स्लॉट लावला असेल तर नक्कल परत येईपर्यंत तो वाल जपून ठेवतो. आवृत्ती १३पासून त्याला मर्यादा घालता येते. ती घातली नसेल तर दूरच्या केंद्रातल्या बिघाडाने इथली डिस्क भरते आणि मूळ डेटाबेस बंद पडतो.

कधी कधी लिंक मोठी असूनही डेटा हळू जातो. याचं कारण बहुतेक वेळा टीसीपीची खिडकी असते, म्हणजे पोच येण्याआधी एका वेळी किती डेटा वाटेवर सोडायचा त्याची मर्यादा. खिडकी ६४ केबीची आणि चेन्नईची फेरी २० मिलिसेकंदांची असेल तर एका जोडणीतून २६ एमबीपीएसच्या वर काही जाणार नाही, लिंक १०० असो की १,०००. १०० एमबीपीएसची लिंक भरायला २५० केबी वाटेवर हवेत. खिडकी वाढवण्याची सोय १९९२पासून प्रमाणित आहे आणि आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम्स ती आपोआप वाढवतात. तरी मधल्या फायरवॉलने किंवा जुन्या सेटिंगने ती अडवलेली सापडते. लिंक वाढवण्याच्या प्रस्तावावर सही करण्याआधी हे तपासायला एक दुपार पुरते.

लॉगऐवजी स्टोरेजच्या पातळीवर नक्कल करायची पद्धतही इथल्या मोठ्या केंद्रांत रुळलेली आहे. तिची सोय अशी की डेटाबेस कुठलाही असो, ब्लॉक बदलला की पलीकडे जातो. पण मग लॉगही जातो, डेटाफाइलही जाते, आणि वेगळं काढलं नसेल तर तात्पुरत्या सॉर्टची जागाही जाते. एकच बदल दोन-तीनदा तारेवर चढतो. शिवाय मूळ डेटाबेसमध्ये एखादा ब्लॉक बिघडला तर बिघाडही इमानाने पलीकडे पोचतो. लॉग पाठवणारी पद्धत पलीकडे लॉग पुन्हा चालवून पाहते, त्यामुळे तिथे असा बिघाड बऱ्याचदा पकडला जातो. डेटाबेसपुरता प्रश्न असेल तर मी लॉगच्या बाजूने आहे.

कॉम्प्रेशनवर थोडंच बोलतो. ते उपयोगी आहे, पण आधी एन्क्रिप्शन झालं असेल तर मग काही आकसत नाही. क्रम उलटा हवा. शिवाय गर्दीच्या त्या दोन तासांत सीपीयूही गर्दीतच असतो. म्हणून कॉम्प्रेशनने होणारी बचत ही राखीव जागा मानावी, लिंक लहान करण्याचं कारण मानू नये. त्याच लिंकवरून बॅकअप, फाइल सर्व्हरची नक्कल, अँटिव्हायरसचे अपडेट जात असतील तर त्यांना वेळ आणि मर्यादा ठरवून द्यावी. रात्री अकराला सुरू होणारा बॅकअप ही जुनी सवय आहे, आणि इओडीचीही वेळ तीच.

पहिली नक्कल उभी करणं हा वेगळाच हिशेब. दहा टीबी १०० एमबीपीएसवरून पाठवायचे तर तेरा दिवस लागतात. त्या तेरा दिवसांत आपल्या बँकेचा ३ टीबीहून जास्त नवा लॉग तयार होतो. तो कुठेतरी ठेवावा लागतो आणि नंतर पाठवावाही लागतो. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्क गाडीत घालून महाप्याहून हैदराबादला नेणं आजही शहाणपणाचं असतं. तेवढ्यासाठी लिंक मोठी घेऊ नये. क्लाउडवर हा प्रश्न थोडा निराळा होतो. ॲमेझॉनचा मुंबई रीजन २०१६मध्ये आला, हैदराबादचा नोव्हेंबर २०२२मध्ये, त्यामुळे देशाच्या आतच दोन शहरांत नक्कल ठेवता येते. तिथे लिंक विकत घ्यावी लागत नाही, पण एका रीजनमधून दुसऱ्यात गेलेल्या प्रत्येक जीबीचं बिल येतं. गर्दीच्या टोकाची भीती कमी होते आणि महिन्याच्या एकूण लॉगला महत्त्व येतं. चेकपॉइंटचं अंतर किंवा बिनलॉगचा प्रकार बदलल्याचा फायदा तिथे थेट बिलात दिसतो.

ड्रिलबद्दल शेवटी. २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४, या दोन शनिवारी शेअर बाजारांनी खास सत्रं घेतली. सकाळचा भाग मुख्य केंद्रातून चालवला आणि नंतरचा दूरच्या केंद्रातून, खऱ्या व्यवहारांसह. बँकांच्या ड्रिल मात्र अनेकदा रविवारी दुपारी होतात, म्हणजे लॉग सगळ्यात कमी असताना. त्यात लिंक पुरते हे सिद्ध होतं, पण फक्त रविवार दुपारसाठी. दिशेचाही विचार त्यात क्वचित असतो. काम हैदराबादला हललं की लॉग तिथून इकडे येऊ लागतो. त्या बाजूला तेवढीच क्षमता विकत घेतलेली आहे का, बॅकअपवरची मर्यादा उलट दिशेलाही लावली आहे का, हे पाहावं लागतं. आणि हैदराबादजवळ जवळचं केंद्र नसतं. मूळ केंद्र नवी मुंबईत असताना दिलेली शून्य नुकसानीची हमी त्या काळापुरती संपलेली असते. दोन तासांच्या ड्रिलमध्ये ते चालून जातं. पण इथलं केंद्र खरोखर बुडालं आणि काम तीन आठवडे हैदराबादहून चालवावं लागलं, तर त्या तीन आठवड्यांचा आरपीओ किती असेल, हा आकडा संचालक मंडळापुढे ठेवलेल्या कागदावर आजच असायला हवा.